न्यूट्रलमध्ये घाट उतरणाऱ्यांसाठी काही मार्गदर्शन

कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर वसलेले आहे आणि सुट्टी लागली की कोल्हापूरकराला कोकणात उतरायचे असते. एवढी उंची फुकट मिळालेली असताना ती इंजिनाच्या हवाली करणे काटकसरी माणसाला शोभत नाही. तेव्हा आंबा, करूळ, भुईबावडा किंवा फोंडा यांपैकी सोयीच्या घाटाच्या माथ्यावर गाडी आणावी, ऑटोमॅटिक गिअरचा दांडा ‘डी’वरून हलकेच ‘एन’वर सरकवावा आणि पेट्रोल वाचू लागल्याचे समाधान चेहऱ्यावर दिसू द्यावे. गिअरला हात लावावा लागू नये, एवढ्याचसाठी ज्यांनी लाखभर रुपये जास्त मोजून ऑटोमॅटिक गाडी घेतली, त्यांनी तर गिअरला हात लावण्याची ही संधी मुळीच दवडू नये.

या पद्धतीचा शास्त्रीय पाया भक्कम आहे; फक्त तो कार्ब्युरेटरच्या काळातला आहे. अँबॅसिडर आणि पद्मिनीच्या जमान्यात इंजिन फिरले की पेट्रोल ओढले जाई, आणि गिअरमध्ये उतरताना इंजिन अधिक वेगाने फिरे. म्हणून न्यूट्रलमध्ये उतरणारा ड्रायव्हर खरोखरच चार पैसे वाचवत असे. पुढे फ्युएल इंजेक्शन आले आणि या कलेची रया गेली. आता गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की उतारावर चाकेच इंजिनाला फिरवत राहतात, हे ओळखून गाडीतला संगणक इंजेक्टर बंद करतो आणि तेवढ्या वेळापुरता पेट्रोलचा खर्च शून्यावर येतो. न्यूट्रलमध्ये चाकांचा आणि इंजिनाचा संबंधच तुटलेला असल्यामुळे, बंद पडू नये म्हणून इंजिनाला पेट्रोल जाळत आयडलिंगवर फिरावे लागते. लहान पेट्रोल इंजिनाला त्यासाठी तासाला साधारण पाऊण लिटर लागते. घाट उतरायला वीस मिनिटे गेली, तर पाव लिटर. जिथे काहीच जळणार नव्हते तिथे पाव लिटर जाळून केलेली ही बचत घरी सांगताना मात्र ‘ॲव्हरेज चांगले पडले’ एवढेच सांगावे, तपशिलात शिरू नये. (सरळ, सौम्य उतारावर, जिथे ब्रेकला पाय लावावाच लागत नाही, तिथे न्यूट्रलमधली गाडी लांबवर जाते, हे खरे आहे, आणि काही नव्या गाड्या ते गणित स्वतःच करून इंजिन सोडवून घेतात. पण ज्याला घाट म्हणतात त्यात असा उतार शोधावा लागतो.)

आता त्या उंचीचे पुढे काय होते ते पाहावे, कारण पद्धतीची खरी गोडी तिथे आहे. माणसांसह १,२०० किलो वजनाची गाडी ५०० मीटर खाली आणली की सुमारे ५९ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. एवढ्या उष्णतेत साधारण अठरा लिटर पाणी खोलीच्या तापमानापासून उकळीला येईल. पाहुण्यांच्या एका पंगतीचा पांढरा रस्सा त्यात सहज व्हावा. या ऊर्जेतला काही वाटा हवा आणि टायर घेतात. उरलेल्यातला मोठा हिस्सा, गाडी खालच्या गिअरमध्ये असती तर, इंजिनाने आपल्या अंगावर घेतला असता. न्यूट्रलमध्ये तो उदारपणे ब्रेककडे वळवला जातो. पॅड फार तापले की त्यांची पकड सैल होते. पाठोपाठ ब्रेक ऑइलची पाळी येते. डॉट ३ प्रकारच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. पण ते हवेतली आर्द्रता शोषून घेते आणि तसे ओले झालेले ऑइल १४० अंशांच्या आसपासही उकळू शकते. गगनबावड्याच्या परिसरात आर्द्रतेची टंचाई पडल्याचे कोणी ऐकलेले नाही. ऑइल उकळले की त्यात वाफेचे बुडबुडे धरतात, आणि द्रव दाबला जात नसला तरी वाफ दाबली जाते. त्यामुळे पेडल मऊ पडत पडत तळाला टेकते आणि गाडीला त्याचा पत्ताही लागत नाही. त्याआधी मागच्या सीटवरून ‘अहो, काहीतरी जळल्याचा वास येतोय’ असे सौभाग्यवतींनी म्हटले, तर तो पुढच्या ट्रकचा असल्याचे शांतपणे सांगावे. पुढे ट्रक नसल्यास मागच्या ट्रकचा सांगावा.

गिअरबॉक्सलाही या बचतीत सहभागी करून घेता येते. टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाचा जोर तेलामार्फत गिअरबॉक्सला देणारा भाग) असलेल्या पारंपरिक ऑटोमॅटिकमध्ये तेलाचा पंप इंजिनाच्या बाजूने फिरतो. उतारावर गाडी वेग घेते, तसे गिअरबॉक्सचे चाकांकडचे भाग गरगरत असतात. इकडे इंजिन आयडलिंगवर, मिनिटाला सात-आठशे फेऱ्यांवर, म्हणून पंपही रमतगमत तेल पाठवतो. चालत्या गाडीत न्यूट्रल टाकू नये, असे गाडीसोबतच्या पुस्तिकेत बहुधा छापलेले असते. परंतु ती पुस्तिका विम्याच्या कागदांखाली सुखाने पडून असते, तिची झोपमोड करू नये. एएमटीवाले यावर म्हणतील की आमचा गिअरबॉक्स आतून मॅन्युअलच आहे, क्लच आणि गिअर तेवढे यंत्र हाताळते, त्यामुळे आम्हाला पंपाची भीती नाही. त्यांचे म्हणणे योग्य आहे, आणि त्यांनी केवळ ब्रेक जाळण्यावर समाधान मानावे. इतरांनी एवढेच ध्यानात ठेवावे की गिअरबॉक्स दुरुस्तीच्या बिलात वाचवलेल्या पेट्रोलची वजावट मिळत नाही.

अरुंद चढणीवर वर येणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यावी, असा रस्त्याचा नियम आहे. पावसाळ्यातल्या धुक्यातून मासळीचा टेम्पो अचानक समोर आला आणि त्याला वाट देण्यासाठी चटकन पुढे निघून कडेच्या मोकळ्या जागेत शिरायची वेळ आली, तर आपण ॲक्सिलरेटर दाबाल. इंजिन मोठ्याने ओरडेल आणि गाडी त्याची दखल घेणार नाही. मग घाईघाईने दांडा ‘डी’वर ओढावा, म्हणजे वेगात फिरणारे इंजिन एकदम जोडले जाऊन आतल्या क्लचप्लेटांना त्यांचा वाटा मिळेल. हात चुकून उलट दिशेला गेल्यास तिथे ‘आर’, म्हणजे रिव्हर्स, असतो. नव्या गाड्यांतला संगणक अशा वेळी बहुधा आज्ञा मोडतो. जुन्या गाड्या अधिक आज्ञाधारक असतात.

ज्यांना एवढ्यानेही बचत पुरेशी वाटत नाही, त्यांच्यासाठी इंजिनच बंद करण्याची प्रगत साधना आहे. त्यात ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम दोन-तीन वेळा पेडल दाबताच संपतो, पॉवर स्टिअरिंगची पॉवर तत्काळ जाते, आणि चावी फिरवून बाहेरच काढली तर अनेक गाड्यांत स्टिअरिंग कुलूपबंद होते. पेट्रोल मात्र खरेच वाचते.

शेवटी दांड्याच्या खालच्या टोकाला असलेल्या ‘एल’, ‘एस’ किंवा ‘एम’ या अक्षरांविषयी. आपल्या गाडीत यांपैकी जे असेल ते निवडले की गाडी वरच्या गिअरकडे पळत नाही, खालच्या गिअरमध्ये इंजिनच तिला धरून ठेवते, पेट्रोल बंद राहते आणि ब्रेक फक्त वळणापुरता लागतो. ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा, ही ट्रक-एसटीवाल्यांची जुनी रीत तिथे एका अक्षरात बसवलेली असते. इंजिनाचा आवाज थोडा वाढतो आणि सोबतच्या मंडळींना वाटते की गाडीला त्रास होतोय, म्हणून सभ्य माणसाने त्या अक्षराच्या वाटेला जाऊ नये. उद्या गाडी विकायला काढाल तेव्हा जाहिरातीत अभिमानाने लिहिता येईल: एकच मालक, सर्व्हिस वेळेवर, ब्रेकपॅड नुकतेच चौथ्यांदा बदललेले, ‘एल’ गिअर एकदाही न वापरलेला.