जवानाला बायको असते हो!

आज सकाळी नाशिक रोडला माजी सैनिकांच्या सत्काराला गेलो होतो. सूत्रसंचालकाने माईक हातात घेतला आणि फेकलं, "जवानाची पहिली बायको बंदूक, दुसरी सीमा, घरातली तिसरी!" टाळ्याच टाळ्या. पुढच्या रांगेत त्या 'तिसऱ्या' मांडीवर श्रीफळ घेऊन बसल्या होत्या. त्याही हसल्या, करतात काय बिचाऱ्या. माझं मात्र जे डोकं फिरलंय ते अजून जागेवर नाही.

आमचे नाना, म्हणजे थोरले काका, तोफखान्यात होते. १९७१ च्या लढाईत पश्चिम सीमेवर. घर भगूरला. पत्र यायचं ते आप्पांच्या, म्हणजे आजोबांच्या नावाने, आणि वाचायचो मी, चौथीतला पोरगा, कारण आप्पांना दिसायचं नाही आणि नानीला अक्षरओळख नव्हती. "तीर्थरूप आप्पांच्या चरणी शिरसाष्टांग नमस्कार." मग म्हैस, विहीर, माझा अभ्यास. आपण कुठे आहोत हे लिहायची मुभा नव्हती, पत्ता नुसता ५६ एपीओ, म्हणजे फौजेचं टपाल कार्यालय. शेवटी "घरातील सर्वांस यथायोग्य". नानीच्या वाट्याला काय आलं असेल तर ते एवढंच. आई-बापासमोर पोराच्या तोंडून बायकोला काय सांगणार माणूस?

देवळालीच्या रेंजवर तोफांचा सराव चालायचा. एरवी त्या आवाजाकडे आमच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. पण त्या डिसेंबरात धडाका झाला की भाकरी थापणारा नानीचा हात थांबायचा. परातीवर तसाच. मग पुन्हा थाप.

१६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती, दुसऱ्या दिवशी पश्चिमेला युद्धबंदी, गावात पेढे. झालं, आपल्या लेखी लढाई संपली. नाना कुठे आले? सिमला करार झाला १९७२ च्या जुलैत आणि फौजा मागे घ्यायला डिसेंबर उजाडला. तोवर रजा मिळाली तर मिळाली. आणि बहात्तर साल म्हणजे काय हे आपल्याकडे सांगायला नको. दुष्काळात वाटलेल्या मिलोची, म्हणजे लाल ज्वारीची भाकरी, सुकडी, आणि दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेली आमची नानी, अनवाणी.

नानांना हे कळलं. त्यांनी सरळ आप्पांना लिहिलं, "हिला खडीवर पाठवू नये, कपच्या डोळ्यात उडतात. पाठवणेच झाल्यास मातीकामावर पाठवावे." मी ते मोठ्याने वाचलं. आप्पा भडकले! "सरहद्दीवर बसून बायकोची काळजी करतोय, लाज नाही वाटत?" बघा, आजच्या त्या माईकवाल्याचे आजोबा आमच्याच ओसरीवर बसले होते!

पुढच्या महिन्यात मनीऑर्डर आली, ती थेट नानीच्या नावाने. पोस्टमनने दारात नाव पुकारलं तेव्हा मला कळलं की नानीला स्वतःचं नाव आहे. घरात ते कोणी घेतच नव्हतं. आजी बघत उभी, नानीचा अंगठा शाईत, हात थरथरतोय. फॉर्मच्या खालच्या कुपनावर दोनच शब्द होते, ते मी वाचले: "चप्पल घे." पैसे अर्थात आप्पांच्या पेटीत गेले. आजी दोन दिवस कोणाशी बोलली नाही. मग स्वतःच नानीला घेऊन देवळाली कॅम्पात गेली आणि चप्पल घेऊन आली. आप्पांना काय सांगितलं देव जाणे.

आता मला सांगा, हा माणूस तोफेवर कमी पडला का? बायकोच्या पायात चप्पल नाही याचा घोर लागला म्हणून त्याचा नेम चुकला का? 'देशासाठी सगळं विसरला' म्हटलं की आपल्याला बरं वाटतं, कारण मग त्याच्या घराकडे बघायची जबाबदारी आपल्यावर येत नाही.

हो, सगळे फौजी नानांसारखे नसतात. घरी पैसा न पाठवणारे, रजेवर येऊन फक्त पिणारे मीही पाहिलेत. असोत.

मनीऑर्डरची पोचपावती पाठवणाऱ्याकडे परत जायची. म्हणजे नानीचा निळा अंगठा पार सरहद्दीपर्यंत गेला. नाना रजेवर आले तेव्हा ती पावती त्यांच्या पे-बुकात होती. मी विचारलं, ही कशाला जपली? म्हणाले, "हिशेबाला लागते." कसला हिशेब, नाना! लिहितानाही हसू येतंय. राग उतरला वाटतं माझा.

भगूर, लहवित, शिंगवे बहुला, सिन्नरकडची मंडळी माझ्या मित्रयादीत बरीच आहेत. तुमच्या घरी अशी पत्रं, कुपनं असतील तर त्यात काय लिहिलंय ते खाली टाका. आणि 'थोर त्याग', 'कोटी कोटी नमन' नको. म्हशीबद्दल लिहिलं असेल तर म्हशीबद्दलच टाका.