इंग्रजी म्हणींची "लपवलेली" शेपटी बहुतेक नंतर चिकटवलेली आहे

"इंग्रजी म्हणी तुम्हाला अर्ध्याच शिकवल्या, पूर्ण वाचा, अर्थ उलटा होतो" अशी एक पोस्ट सारखी फिरत असते, कधी रील, कधी व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्ड. चार म्हणी, प्रत्येकीला एक हरवलेली शेपटी आणि खाली "बापरे, हे माहीतच नव्हतं" च्या कमेंटी. जुन्या छापील पुस्तकांत मात्र या शेपट्या सापडत नाहीत.

सगळ्यात लाडकी म्हणजे ब्लड इज थिकर दॅन वॉटर. पोस्ट म्हणते की मूळ वाक्य "कराराचं रक्त गर्भातल्या पाण्यापेक्षा दाट" असं होतं, म्हणजे घरच्यांपेक्षा आपण निवडलेली माणसं जवळची. ज्याचं घरी पटत नाही त्याला हे आवडणारच. पण अ‍ॅलन रॅमसेच्या 1737 च्या स्कॉटिश म्हणींच्या संग्रहात ही म्हण आज आपण बोलतो तेवढीच आहे, आणि 1815 ला वॉल्टर स्कॉटच्या 'गाय मॅनरिंग' या कादंबरीत एक शेतकरी नातलग बाईला दिलेल्या चीज आणि हॅमवरून ती बोलतो, म्हणजे अर्थ सरळ नात्यागोत्याचाच. रक्ताच्या करारावर अख्खं पुस्तक लिहिणारा अमेरिकन पाद्री ट्रंबुल, 1885 चा, तो सुद्धा म्हणतो की आपल्याकडे रक्त पाण्यापेक्षा दाट म्हणतात, अरबांकडे दुधापेक्षा. "कराराचं रक्त"वालं वाक्य खरंच मूळ असतं तर त्याने सोडलं असतं का? ते वाक्य दिसायला लागतं थेट विसाव्या शतकाच्या शेवटी.

क्युरिऑसिटी किल्ड द कॅट, म्हणजे चौकशीखोरपणाने मांजर मेलं, या म्हणीचं तर अजून मजेशीर, कारण मुळात क्युरिऑसिटी नव्हतीच. बेन जॉन्सनच्या 1598 च्या नाटकात मांजर मरतं ते 'केअर'ने, म्हणजे काळजीने. चौकशीखोरपणा आला एकोणिसाव्या शतकात आणि "समाधानाने ते परत जिवंत झालं" ही पुस्ती विसाव्याच्या सुरुवातीला.

जॅक ऑफ ऑल ट्रेड्सचंही तेच, आधी नुसता सगळी कामं येणारा जॅक, मग बऱ्याच काळाने "मास्टर ऑफ नन", म्हणजे एकाही कामात पारंगत नाही, आणि "तरी एकाच गोष्टीतल्या मास्टरपेक्षा बरा" हे तर अगदी आत्ताचं. सीव्हीत टाकायला छान आहे, टाका की, फक्त मूळ म्हणू नका.

कस्टमर इज ऑलवेज राइटला "आवडीनिवडीच्या बाबतीत" जोडतात आणि श्रेय लंडनच्या मोठ्या दुकानाचा मालक सेल्फ्रिजला देतात. 1900 नंतरच्या पहिल्या दशकात शिकागोच्या मार्शल फील्डसारखे दुकानदार हे म्हणायचे तेव्हा मुद्दा गिऱ्हाइकाची तक्रार खरी धरून चालायचा होता, शर्टाच्या रंगाचा नाही. काउंटरवर उभं राहून शिव्या खाणाऱ्याला शेपटीवालं व्हर्जन का आवडतं ते समजतं, पण ते नवीनच आहे.

खरंच तोडलेलं वाक्य हवं असेल तर आहे ना, मनी इज द रूट ऑफ ऑल एव्हिल. 1611 च्या किंग जेम्स बायबलमध्ये नुसता पैसा नाही, "पैशाचं प्रेम" आहे. ते मात्र या पोस्टमध्ये मला अजून दिसलं नाही.