वर्गणी भरली, पण वाट कोण दाखवणार?

संशोधन-नियतकालिकांची वर्गणी सरकारने भरायची आणि सरकारी संस्थांतल्या विद्यार्थ्यांनी ती मोफत वाचायची, अशा ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिकं आणि सहा हजारांवर सरकारी संस्था असा तिचा आवाका. तिच्यावरून दोन पक्ष पडले. एकाच्या मते तालुक्याच्या गावातल्या विद्यार्थ्याला जगभरचं संशोधन खुलं झालं. दुसऱ्याच्या मते हा पैसा प्रकाशकांना देण्याऐवजी खुल्या प्रकाशनावर, म्हणजे लेख कुणालाही मोफत वाचता येतील अशा प्रकाशनावर, लावायला हवा होता. अमेरिकेतून पाहताना दुसऱ्या पक्षाचं म्हणणं पटतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०१९ मध्ये एल्सेव्हिअर या बड्या प्रकाशकाशी असलेल्या कराराचं नूतनीकरण थांबवलं आणि २०२१ मध्ये खुल्या प्रकाशनाची तरतूद करून घेऊनच नवा करार केला. पण अर्थशास्त्राच्या पदवीच्या विद्यार्थ्याचं गाडं अडतं ते वर्गणीपाशी नव्हे, वाट दाखवणारा कुणी नसतो तिथे.

इथे अमेरिकेत मोठ्या विद्यापीठांत अर्थशास्त्रासाठी वेगळा ग्रंथपाल असतो. त्याच्याकडे वेळ ठरवून गेलं की तो आधी पुस्तक काढून देत नाही, प्रश्न विचारतो. ठिकाण कोणतं? काळ कोणता? आकडे रोजचे हवेत, महिन्याचे की वर्षाचे? आणि सगळ्यात महत्त्वाचं : हा आकडा गोळा करणं हे मुळात कुणाचं काम आहे? या एका प्रश्नाने निम्मा शोध संपतो, कारण ज्याचं ते काम, त्याच्याच दप्तरात आकडा सापडतो.

लासलगावचा कांदा घ्या. विषय असा : डिसेंबर २०२३ च्या निर्यातबंदीने भाव किती पडले? आवक आणि भाव नोंदवणं हे बाजार समितीचं काम, म्हणून आकडे केंद्र सरकारच्या ‘अ‍ॅगमार्कनेट’ या बाजारभावांच्या संकेतस्थळावर आणि राज्याच्या पणन मंडळाच्या संकेतस्थळावर. बंदीची अधिसूचना विदेश व्यापार महासंचालनालयाची, तारीख ७ डिसेंबर. निर्यातीचे आकडे कोलकात्याच्या वाणिज्यिक माहिती महासंचालनालयाचे. तिथे ‘कांदा’ असं शोधत बसण्यापेक्षा व्यापाराच्या आकडेवारीतल्या ०७०३१० या त्याच्या संकेतांकाने शोधावं. यातल्या एकाही गोष्टीला वर्गणी लागत नाही.

चुका होतात त्या यापुढे. एका ठिकाणी आवक टनांत, दुसरीकडे क्विंटलमध्ये. दोन्ही फाइली तशाच जोडल्या की आवक दहापट फुगते. लासलगाव, निफाड आणि विंचूर यांच्या नोंदी वेगवेगळ्या असतात. मध्येच एक गळली तर आवक घटल्यासारखी दिसते. ‘सर्वसाधारण दर’ म्हणजे सरासरी नव्हे, त्या दिवशी जास्तीत जास्त माल ज्या दराने गेला तो दर. महिन्याचा भाव काढायचा तर प्रत्येक दिवसाच्या दराला त्या दिवसाच्या आवकेचा भार द्यावा लागतो, म्हणजे जास्त आवकेच्या दिवसाचा दर जास्त धरावा लागतो. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्काच्या निषेधात नाशिक जिल्ह्यातले लिलाव बंद होते. ते रकाने रिकामेच ठेवायचे, तिथे शून्य भरलं की सगळं गणित बिघडतं.

सगळ्यात मोठा घोटाळा वेगळाच आहे. डिसेंबरात नवा लाल कांदा बाजारात येतो आणि भाव एरवीही उतरतात. शिवाय बंदीआधी शुल्क होतं, ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलरचं किमान निर्यात मूल्य (त्याहून कमी भावाने निर्यात नाही) लागलं होतं. त्यामुळे नुसता ‘आधी आणि नंतर’चा आलेख काढून सगळी घसरण बंदीच्या नावावर मांडता येत नाही. मागच्या चार-पाच वर्षांचे तेच आठवडे शेजारी ठेवावे लागतात. लाल आणि उन्हाळी कांदाही एकत्र करू नये. हे सांगणारा माणूस पहिल्या महिन्यात भेटला तर प्रबंध तरतो, नाहीतर तोंडी परीक्षेतच कळतं.

लेख शोधतानाही तसंच. गुगलमध्ये लांबलचक वाक्य टाकण्याऐवजी अर्थशास्त्राचे विषय-संकेतांक वापरावेत : शेतमाल बाजारासाठी क्यू१३, शेतमालाच्या परदेशी व्यापारासाठी क्यू१७. ‘रेपेक’ या अर्थशास्त्रीय लेखांच्या मोफत सूचीवर हे संकेतांक चालतात आणि सशुल्क लेखाचा मोफत कच्चा मसुदा बऱ्याचदा तिथेच मिळतो. त्याआधी ‘शोधगंगा’ हा भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांचा ऑनलाइन संग्रह चाळावा, म्हणजे विषय आधीच कुणी घेतला आहे का ते कळतं. राज्याची आर्थिक पाहणी मराठीतच निघते, तरी ती उघडणारे विद्यार्थी थोडे. ती वापरताना एक पथ्य पाळावं : दोन वर्षांच्या अंकांतले आकडे एकमेकांशी लावू नयेत. जुने अंदाज नंतर सुधारले जातात, म्हणून सगळी मालिका ताज्या अंकातूनच उतरवावी.

अमेरिकेत सगळं सुरक्षित आहे असंही नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये रोजगाराचे आकडे नावडते निघाल्यावर इथल्या कामगार सांख्यिकी विभागाच्या प्रमुखांना पदावरून काढलं गेलं. आकडा मोफत आहे म्हणून तो कायम राहील, असं कुठेच धरून चालता येत नाही. पुण्याच्या गोखले संस्थेचं ग्रंथालय म्हणूनच मोलाचं वाटतं. भारत सेवक समाजाच्या १९०५ च्या संग्रहातून वाढलेल्या त्या ग्रंथालयात जुने सरकारी अहवाल जपलेले आहेत.

नव्या चार वर्षांच्या पदवीत पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण मिळवणाऱ्याला चौथ्या वर्षी १२ श्रेयांकांचा (क्रेडिट्सचा) संशोधन प्रकल्प करता येतो. म्हणजे हे काम आता पदवीच्या वर्गात आलं, आणि अनेक महाविद्यालयांत ग्रंथपालाचं पदच रिकामं आहे. सहा हजार कोटींच्या चर्चेत या पदाचा उल्लेख कुणी करत नाही, याचं फार वाईट वाटतं. निदान जिल्ह्यामागे एक, आकडेवारीत तयार झालेला ग्रंथपाल नेमा; आठवड्यातून एक दिवस त्याने एकेका महाविद्यालयात बसावं. आणि प्रबंधासोबत मूळ, न बदललेली फाइल आणि ती कोणत्या तारखेला उतरवली याची नोंद मागायला विद्यापीठांनी याच वर्षी सुरुवात करावी. त्याला तर पैसेही लागत नाहीत.