बॅटरीचं टर्मिनल काढून ट्रॅक्शन कंट्रोलचा दिवा दुरुस्त होत नाही

व्हॉट्सॲपवर एक मेसेज जोरात फिरतो आहे : ‘ट्रॅक्शन कंट्रोलचा दिवा लागला तर गॅरेजवाल्याच्या नादी लागू नका. बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल दहा मिनिटं काढून ठेवा, दिवा जातो. नाही गेला तर चाकाचा सेन्सर बदला, दुसरं काही नसतंच. तेही जमत नसेल तर एबीएसचा फ्यूज काढून टाका. ब्रेक पूर्वीसारखे साधे होतात, बाकी काही बिघडत नाही.’

मुळात दिवा कसा लागलाय, हेच मेसेज विचारत नाही. ओल्या घाटात किंवा चिखलात ॲक्सिलरेटर दाबताना दिवा लुकलुकून थांबला, तर तो बिघाड नव्हे. घसरून नुसत्या फिरणाऱ्या चाकाला आवरणं हेच ट्रॅक्शन कंट्रोलचं काम, ते तो करतो आहे. ‘ऑफ’ लिहिलेला दिवा असेल तर बहुतेक वेळा कुणीतरी बटण दाबलेलं असतं. स्टार्ट मारल्यावर काही सेकंद सगळेच दिवे लागतात, तेही सोडा. काळजी करायची ती गाडी चालताना सतत जळणाऱ्या दिव्याची.

आता टर्मिनल. एबीएस म्हणजे जोरात ब्रेक मारल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा. ट्रॅक्शन कंट्रोलही तिच्याच मॉड्यूलमधून, म्हणजे कंट्रोल युनिटमधून चालतं. हे मॉड्यूल बिघाडाचा कोड सहसा अशा मेमरीत ठेवतं, की बॅटरी काढली तरी तो पुसला जात नाही. काही गाड्यांत दिवा विझतो खरा, पण थोडं अंतर चालवून सिस्टीमने चाकांचे सिग्नल तपासले की परत पेटतो. मग ‘माझ्या गाडीत तर गेला’ असं लोक का म्हणतात? एक तर वायर जोडणारा कपलर ओला झाल्याने आलेला बिघाड वाळल्यावर आपोआप गेलेला असतो. दुसरं म्हणजे, सैल किंवा गंजलेलं टर्मिनल त्या निमित्ताने नीट घट्ट बसतं. व्होल्टेज कमी पडल्यानेही हा दिवा लागतो. म्हणून आधी मल्टिमीटर लावा : इंजिन बंद असताना साधारण 12.4 ते 12.7 व्होल्ट, चालू असताना 13.5 ते 14.5. टर्मिनल काढण्याचा उलटा फटकाही बसतो. काही गाड्यांत स्टीअरिंग किती वळलंय ते मोजणारा अँगल सेन्सर आपला मध्य विसरतो आणि नसलेला दिवा लागतो. तेव्हा इंजिन चालू ठेवून स्टीअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवायचं, मग गाडी थोडी सरळ चालवायची. तरी गेला नाही तर कोड वाचणाऱ्या स्कॅनरने कॅलिब्रेशन, म्हणजे तो मध्य पुन्हा नोंदवून घ्यायचा.

‘दुसरं काही नसतंच’ हा दावा सगळ्यात महागात पडतो. चेक इंजिनचा दिवाही सोबत असेल तर आधी इंजिन बघा. ट्रॅक्शन कंट्रोल चाक आवरताना इंजिनची ताकद कमी करवतं. इंजिन मिसफायर होत असेल, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नसेल, तर अनेक गाड्या हे कामच बंद करतात. मग चारही सेन्सर नवे टाकले तरी दिवा हलत नाही. ब्रेक पेडलचा स्विच, कमी झालेलं ब्रेक ऑइल, वेगळ्या मापाची स्टेपनी, हीसुद्धा कारणं असतात.

म्हणून कोड वाचल्याशिवाय पाना हातात घेऊ नये. स्वस्तातला ब्लूटूथ डोंगल बहुधा इंजिनचेच कोड दाखवतो. एबीएस मॉड्यूलशी बोलणारा स्कॅनर लागतो. सी0035 असा कोड आला तर बऱ्याच गाड्यांत तो पुढच्या डाव्या चाकाचा असतो. पण कोड फक्त चाक दाखवतो. सेन्सरच गेलाय असं म्हणत नाही. वायर, कपलर, सेन्सर जिच्यावरून चाकाचा वेग मोजतो ती रिंग, बेअरिंग, सगळे त्याच संशयात. स्कॅनरवर चारही चाकांचे वेग लावून ताशी 20 ते 30 किमीने सरळ जा. एखादा आकडा मधेच शून्यावर पडला की चाक सापडलं.

गाडी जॅकवर घेऊन खाली स्टँड लावा, चाक काढा. आधी वायर : स्टीअरिंग वळलं की शॉकॲब्सॉर्बरजवळ ती वाकते आणि आतून तुटते, बाहेरचं रबर मात्र शाबूत दिसतं. उंदरांनी कुरतडलीय का बघा. कपलर उघडून हिरवट गंज आहे का तपासा. जुन्या पद्धतीच्या कॉइलवाल्या सेन्सरचा रेझिस्टन्स साधारण 800 ते 2000 ओहम येतो. दुसऱ्या बाजूच्या सेन्सरशी ताडून बघा. नव्या गाड्यांतल्या ॲक्टिव्ह, म्हणजे बाहेरून वीज लागणाऱ्या सेन्सरला ओहमची चाचणी लावू नका, त्यातून काही कळत नाही. त्याच्या कपलरवर इग्निशन चालू असताना पुरवठ्याचं व्होल्टेज येतंय का ते बघायचं.

कोरड्या रस्त्यावर गाडी थांबता थांबता ब्रेकचं पेडल थरथरत असेल, तर रिंगला तडा गेलाय किंवा सेन्सरच्या बुडाशी गंज साचून त्याचं रिंगपासूनचं अंतर वाढलंय, असा दाट संशय घ्या. गंज साफ केला की अनेकदा जुनाच सेन्सर चालतो. अडकलेला सेन्सर हातोडीने ठोकू नका. वंगणाचा स्प्रे मारून हळूहळू फिरवत काढा. बेअरिंग बदलल्यावर लगेच दिवा लागला असेल तर ते उलटं बसलंय का विचारा. ज्या बेअरिंगच्या सीलमध्येच चुंबकीय रिंग असते, ती बाजू सेन्सरकडेच हवी.

राहिला फ्यूज. भारतात एप्रिल 2019 पासून सगळ्या नव्या कारना एबीएस सक्तीचं आहे. त्याच मॉड्यूलमध्ये पुढच्या-मागच्या ब्रेकमध्ये जोर वाटून देणारी ईबीडी असते. फ्यूज काढला की तीही जाते आणि जोरात ब्रेक मारल्यावर मागची चाकं आधी लॉक होऊन गाडी आडवी फिरू शकते. हे ‘पूर्वीसारखे साधे ब्रेक’ नव्हेत. पूर्वीच्या बऱ्याच गाड्यांत मागच्या ब्रेकचा जोर कमी करणारा वेगळा व्हॉल्व्ह असे, आता तो बहुधा नसतो. वाळूत किंवा चिखलात गाडी रुतली आणि ॲक्सिलरेटर दाबूनही इंजिन ताकद देत नसेल, तर डॅशबोर्डवरचं बटण दाबून ट्रॅक्शन कंट्रोल तेवढ्यापुरतं बंद करा, आणि डांबरी रस्त्यावर आलात की परत चालू.