गोंदाने मासे मरत नाहीत, वाळूत कंद मात्र कुजतो

रत्नागिरी-मालवणकडच्या, घरी टाकीत मासे पाळणाऱ्या मंडळींत सध्या एक निरोप फिरतोय: ‘झटपट चिकटणाऱ्या गोंदाने टाकीत झाड लावलं तर मासे मरतात. अनुबियास, जावा फर्न ही पाणझाडं वाळूतच पुरा, आणि सजावटीला किनाऱ्यावरचं प्रवाळ वापरा.’ यातलं जवळपास सगळं चुकीचं आहे.

हा गोंद म्हणजे सायनोअॅक्रिलेट. ओलावा लागला की तो घट्ट होतो, आणि एकदा घट्ट झाला की माशांना धोका नाही. पाण्यात पांढरट दिसतो इतकंच, तोही पुढे शेवाळाखाली झाकतो. फक्त साधा सायनोअॅक्रिलेटच असलेला घ्यावा, शक्यतो जेलसारखा. थेंब दगडावर टाकून मुळं काही सेकंद दाबायची.

या दोन्ही झाडांचा आडवा कंद वाळूत गाडला तर तो कुजतो. त्यामुळेच त्यांना दगडावर किंवा लाकडावर बसवतात. गोंद नको असेल तर बांधायला गळाचा तंगूस आहेच. सुती दोरा काही आठवड्यांत सडतो, पण तोवर मुळांनी बहुधा पकड घेतलेली असते.

प्रवाळाचं काय? ते चुनखडीचं, पाण्याचा कठीणपणा वाढवतं. शिंपल्यांचंही तेच. शिवाय प्रवाळाला १९७२च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, उचलूच नये. ओढ्यातला काळा दगड उत्तम. जांभ्याचा मात्र भुगा सुटतो. शंका आली तर दगडावर व्हिनेगर टाका, फेस आला तर तो टाकीबाहेरच बरा. वाहून आलेलं लाकूड खाऱ्या पाण्यात मुरलेलं असतं, ते गोड्या पाण्यात कित्येक आठवडे, पाणी बदलत, भिजवावं लागतं. मी तर ते घेतच नाही.