तंबूत गिझर आहे ना?

लडाखला जायचं ठरलं की ठाणेकराने सर्वात आधी नकाशा मिटून ठेवावा. नकाशावर उंची छापलेली असते, आणि उंची वाचली की चांगला धडधाकट माणूसही विचार करायला लागतो. त्यापेक्षा मोबाइल काढावा, पँगाँगच्या निळ्या पाण्याकाठी मांडलेल्या पांढऱ्या तंबूंचे फोटो बघावेत आणि तंबूवाल्याला फोन लावून सरळ मुद्द्याचं विचारावं, "भैया, टेंट में गिझर है ना?"

मी विचारलं होतं. समोरचा थोडा वेळ गप्प झाला. मला वाटलं, रेंज गेली. मग म्हणाला, "सर, सुबह बाल्टी में गरम पानी देंगे." मी लगेच सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं: गरम पाण्याची सोय आहे. बादलीचं तेवढं लिहायचं राहून गेलं.

आता तुम्ही म्हणाल, आपण तलावांच्या शहरातले. मासुंदा आहे, उपवन आहे, कचराळी आहे. काखेत कळसा असताना एवढा वळसा कशाला? अहो, तलावपाळीला तंबू ठोकून तर बघा. दहा मिनिटांत एक भेळवाला, एक हवालदार आणि एक लांबचे नातेवाईक "काय झालं?" म्हणून विचारायला हजर होतील. निवांतपणा हवा तर लांबच जायला हवं. आणि तिथे गेल्यावर निवांतपणा अंगावर येऊ नये म्हणून ब्लूटूथचा स्पीकर न्यायला हवा.

कार्यक्रम आखण्यात मात्र आमचा हात कोणी धरू शकणार नाही. लेह समुद्रसपाटीपासून साधारण 3,500 मीटरवर आहे. ठाण्याची उंची भरतीच्या वेळी विचारू नये. म्हणजे पहाटे घोडबंदर रोडला चहा पिऊन निघालेला माणूस त्याच दिवशी साडेतीन किलोमीटर वर जाऊन पोचतो, आणि तिथे प्रत्येक श्वासात त्याला घरच्यापेक्षा साधारण एक तृतीयांश ऑक्सिजन कमी मिळतो. डॉक्टर सांगतात, लेहमध्ये निदान दोन रात्री काढा, पहिला दिवस नुसते पडून राहा, आणि 3,000 मीटरच्या वर गेलात की झोपायची जागा एका दिवसात 500 मीटरपेक्षा जास्त उंचावू नका. हे नियम परदेशी लोकांसाठी असतात, असं आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचं मत पडलं. काका रोज सकाळी येऊरला फिरायला जातात. "आपल्याला चढाची सवय आहे," म्हणाले. येऊरहून उतरल्यावर ते दोन वडापाव खातात, तोही सराव त्यांनी जमेस धरला असावा.

शिवाय पडून राहायला रजा कोणाकडे आहे? तीन दिवसांची रजा, तिला जोडून शनिवार-रविवार. तेव्हा शनिवारी लेह, रविवारी पँगाँग. पँगाँगचा काठ 4,250 मीटरच्या आसपास, म्हणजे एका दिवसात 750 मीटरची उडी, आणि वाटेत पाच हजार मीटरच्याही वरची चांग ला ही खिंड आहेच. त्यावर उपाय म्हणून प्रत्येकाने गळ्यात कापराची पुरचुंडी बांधावी. कापराने नाकाला गार वाटतं, हवेतला ऑक्सिजन काही वाढत नाही. पण सगळी गाडी देवघरासारखी दरवळते आणि देवाचं नाव घेण्याची वेळ आली तर वातावरण तयार असतं. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळी डॉक्टरांना विचारून घ्यायची असते. आम्ही ग्रुपवर विचारली. सात जणांनी अंगठा दाखवला.

जाणकार आणखी एक पिरपिर करतात: आधी नुब्रा खोऱ्यात जा. तिथलं हुंडर गाव 3,100 मीटरच्या आसपास आहे, म्हणजे लेहपेक्षाही खाली. झाडं आहेत, पाणी आहे, तंबूत झोप लागते, शरीर रुळतं. पण मग पँगाँगचा फोटो मंगळवारी पडणार! आणि समोरच्या बिल्डिंगमधल्यांनी तो रविवारीच टाकला असेल तर? नुब्राच्या वाटेवरच्या खारदुंग लाबद्दल मात्र एक सांगतो. तिथल्या फलकावर वर्षानुवर्षं 18,380 फूट लिहिलेलं होतं. नीट मोजल्यावर तो 17,582 फूट भरला. तुम्ही फलकाचाच आकडा सांगा. आठशे फुटांसाठी नातेवाइकांत कमीपणा कशाला घ्यायचा?

रस्त्याने जाणार असाल तर मनाली सोडल्यावर पहिलाच मुक्काम सरचूच्या तंबूत करा. उंची 4,300 मीटरच्या घरात. रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही, त्यामुळे तंबूचं भाडं पै न पै वसूल होतं.

हानलेला जाऊ नका. तिथे आकाश इतकं काळं आहे की 2022 साली त्या भागाला देशातलं पहिलं डार्क स्काय रिझर्व्ह म्हणून जाहीर केलं. रात्री दिवे मंद ठेवा, खिडक्यांना पडदे लावा, गाडीचा प्रखर झोत टाकू नका, असली बंधनं. सुट्टीत अंधारात बसायचं तर भारनियमनाच्या काळात आपण काय वेगळं केलं? तिथे दोन मीटर व्यासाची हिमालयन चंद्र दुर्बीण आहे, आणि ती चालवणारे शास्त्रज्ञ बंगळुरूजवळच्या होसकोटेत बसून उपग्रहामार्फत चालवतात. शहाणी माणसं. त्सो मोरीरी तलावही सोडून द्या. महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत, काळ्या मानेचे क्रौंच, पट्टकादंब, आणि ते पळून जातील म्हणून आपण हळू बोलायचं.

तेव्हा पँगाँगच. तिथेही मान आणि मेरक या पुढच्या गावांत घरगुती मुक्कामाच्या खोल्या मिळतात, त्या घेऊ नका. घरात माणसं राहत असतात. तंबू स्पांगमिकला घ्यावा, अगदी पाण्याला लागून. हा सगळा टापू चांगथांग अभयारण्यात येतो, काठावरच्या गवतात आणि खडीत पक्षी अंडी घालतात वगैरे खरं आहे. पण पक्ष्यांना 'लेक व्ह्यू' लागतो आणि आपल्याला लागू नये, हा कुठला न्याय? मागे काही महाभागांनी गाडीच त्या पाण्यात घातली आणि तिची चित्रफीत देशभर फिरली. आपण तितके असंस्कृत नाही. आपण फक्त काठावर चहाचे कप ठेवून येतो.

तंबूत शिरल्यावर तक्रारींचा क्रम पाठ असू द्या. आधी गिझर, मग वायफाय, मग चार्जिंग. बाहेरचं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड लागतं. हे ठाण्यात ठाऊक असूनही तिथे जाऊन नव्याने संतापण्यात मजा आहे. वीज बहुतेक ठिकाणी जनरेटरची, संध्याकाळी सुरू आणि दहा-साडेदहाला बंद. त्यानंतर जेवणाचा विषय काढावा. त्या उंचीवर पाणी 86 अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे पातेल्यात डाळ कितीही वेळ ठेवली तरी ती शिजत नाही, नुसती गरम होते. आचारी बिचारा कुकरच्या शिट्ट्या काढत असतो. आमच्या काकूंनी त्याला आमटीत गूळ घालायला सांगितला. लेहहून पाच-सहा तासांच्या घाटातून आणलेल्या भाजीवर "ताजी नाही" असा शेरा मारण्याची जबाबदारी मी स्वीकारली होती.

त्यात त्या दिवशी संकष्टी. काकूंचा उपास. 4,250 मीटरवर, शून्याच्या आसपासच्या थंडीत, पोटात शेंगदाण्याचा लाडू आणि दोन खजूर. कॅलेंडरात चंद्रोदयाची वेळ होती, पण ती छापणाऱ्याने पूर्वेला एवढे डोंगर धरले नव्हते. साडेदहा वाजले, जनरेटर बंद झाला, चंद्राचा पत्ता नाही. आम्ही सगळे पांघरुणं गुंडाळून तंबूबाहेर उभे. काका म्हणाले, "तो चीनमधून येतोय. अडवला असेल."

यावरून सीमेचा विषय निघाला, आणि तो निघायलाच हवा. सीमेवर जाऊन सीमेवर बोललो नाही तर गेलो कशाला? काकांनी अंधारात हात करून तलावात उतरणाऱ्या डोंगरसोंडा, म्हणजे फिंगर एक ते आठ, मोजून दाखवल्या. हा तलाव सुमारे 134 किलोमीटर लांब, त्यातला एक तृतीयांशाच्या आसपासच आपल्या ताब्यात. 2020 साली याच काठावर दोन्ही सैन्यं समोरासमोर उभी ठाकली आणि फेब्रुवारी 2021 मध्ये मागे सरकली. हे काका सांगत होते ते बरोबरच होतं. पुढची व्यूहरचना त्यांनी दोन वाक्यांत सांगितली. अंगात दोन स्वेटर, वर जॅकेट, कानटोपी, शिवाय तंबूवाल्याची रजई. मेरकच्या पुढे चुशूलजवळ रेझांग लाचं स्मारक आहे. 18 नोव्हेंबर 1962 ला तिथे मेजर शैतान सिंग आणि 13 कुमाऊंच्या चार्ली कंपनीचे शंभराहून अधिक जवान धारातीर्थी पडले, ते आपल्या जुलैतल्या नव्हे, तिथल्या नोव्हेंबरातल्या थंडीत. ते स्मारक आमच्या कार्यक्रमात नव्हतं. तुम्हीही ठेवू नका. अर्धा दिवस मोडतो, आणि सिनेमातल्यासारख्या पिवळ्या स्कूटरवर बसून फोटो काढायचे राहतात.

चंद्र आला तेव्हा अकरा वाजून गेले होते. काकूंनी त्याला हात जोडले, मोदक म्हणून खजूर दाखवला आणि उपास सोडला.

तंबूंच्या पर्यायांत एक राहिलाच. चांगथांगमध्ये चांगपा लोक हिंडतात, त्यांचा तंबू याकच्या केसांचा, काळा, वर धूर जायला फट. त्याला रेबो म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्या तो त्या वाऱ्यात उभा राहतो आणि उठवला की मागे चुलीच्या दगडांखेरीज फारसं काही उरत नाही. पण अटॅच्ड बाथरूम नाही. तेव्हा तो दुरून बघावा. पश्मिना देणाऱ्या शेळ्या यांच्याच. त्या लोकरीच्या शालीवर लेहच्या बाजारात आपण "गावदेवीला यापेक्षा स्वस्त मिळते" असं सांगून भाव पाडायचा असतो. आणि परतताना वेळ उरलाच तर हुंडरच्या वाळूत दोन वशिंडांच्या उंटावर बसून यायचं. उंट इकडे, शेळ्या तिकडे. उंटावरून शेळ्या हाकण्याची इतकी चोख सोय दुसऱ्या कुठल्या प्रदेशात नसेल, आणि आपल्याला ती आयतीच जमते.

रात्री दोनला काका उठून बसले. डोकं फुटतंय म्हणाले, मग ओकले, मग त्यांना तंबूची चेन सापडेना. चालताना तोल जात होता. येऊरचं कोणी नाव काढलं नाही. तंबूवाला मुलगा असेल विशीतला. त्याने एकदा टॉर्चमध्ये काकांकडे बघितलं आणि गाडी काढली. "नीचे ले जाना पड़ेगा, अभी." आम्ही म्हटलं, सकाळी बघू, कापूर दिलाय. तो काही बोलला नाही, स्वतःच्या अंगावरचं घोंगडं काकांना गुंडाळून त्यांना मागच्या सीटवर बसवलं. खाली तांगत्सेच्या आरोग्य केंद्रात ऑक्सिजन लावला, तेव्हा पहाटे काकांना आपण कुठे आहोत ते कळलं. पहिलं वाक्य म्हणाले, "बादलीचं पाणी आलं का?"

आता काका सोसायटीत लडाखला निघालेल्यांना मार्गदर्शन करतात. कापराने वाचलो, असं सांगतात.

शेवटचा सल्ला: तंबूवाल्याला आपला नंबर देऊ नये. हिवाळ्यात तिथला तलाव गोठतो, तंबू गुंडाळले जातात आणि तो मोकळा असतो. फेब्रुवारीत मला त्याचा फोन आला. मुंबईत काम आहे, एक रात्र ठाण्यात उतरलं तर चालेल का? मी तोंडभर 'हो हो' म्हटलं आणि सेक्रेटरींना विचारलं. सेक्रेटरी म्हणजे काकाच. पाहुण्याचं ओळखपत्र, मुक्कामाचं कारण आणि दोन दिवस आधी अर्ज, असं नियमात आहे म्हणाले. लिफ्ट पाहुण्यांची वेगळी.

मी त्याला पुन्हा फोन केला. एसी आहे का, गिझर आहे का, काही म्हणून त्याने विचारलं नाही. एवढंच म्हणाला, "सर, आप बोले थे आपके शहर में बहुत लेक हैं. उनका पानी खारा है या मीठा?"

पँगाँगचं पाणी खारट आहे की नाही हे आम्ही बाराही जणांनी ओंजळीत घेऊन चाखून बघितलं होतं. मासुंद्याच्या काठी माझी चाळीस वर्षं गेली.

"मीठा," मी ठोकून दिलं.

"तो पीते हो?"

मी थोडा वेळ गप्प झालो. त्याला वाटलं, रेंज गेली.