१८:३० म्हणजे अकराशे दहा?

वेळ सांगायची होती. बस, एवढंच. पहाटे साडेपाचला मोटर चालू, साडेसहाला बंद, आणि तिन्हीसांजेला पडवीतला दिवा. शेजारच्या चौथीतल्या पोराला एकदा सांगितलं असतं तर त्याने वर्षभर चुकवलं नसतं. मी मे महिन्यात सुरुवात केली, आता नोव्हेंबर आलाय, डोंबिवली ते गुहागर पाच फेऱ्या झाल्यात, आणि मोटर-दिवे आपोआप चालू-बंद करणारा तो शिंचा डबा अजून मलाच विचारतोय: तारीख हवी, वेळ हवी, की दोन्ही?

घरी आई एकटी असते. मागे वाडी, माड नि पोफळी, खाली विहिरीवर मोटर. गुडघे दुखत असताना काळोखात शेवाळलेल्या पायऱ्या उतरून स्टार्टर दाबायला जाते. म्हटलं, घर स्मार्ट करू. तेव्हा आई म्हणाली होती, "अरे, बटण दाबायला देवाने मला बोटं दिलीत." ऐकायला हवं होतं.

पहिल्यांदा मी 'दोन्ही' निवडलं. माझा साधा हिशोब: तारीख म्हणजे कधीपासून, वेळ म्हणजे किती वाजता. डब्याचा हिशोब निराळा. तारीख दिली म्हणजे त्या एकाच दिवशी, त्या एकाच क्षणी, मग जन्मात परत नाही. पहिल्या दिवशी मोटर लागली, मी इकडे मित्रांना पेढे वाटल्यासारखे मेसेज पाठवले, आणि दुसऱ्या दिवसापासून चिडीचूप. रोज हवं असेल तर नुसती वेळ द्यायची म्हणे. मग तसं लिहा ना त्या खिडकीत! एक ओळ लिहायला काय पैसे पडतात?

मग नुसती वेळ दिली, तर मोटर लागली सकाळी अकराला. भर उन्हात. कारण डबा ग्रिनिचच्या वेळेवर जगत होता आणि आपण त्याच्या साडेपाच तास पुढे. पडद्यावर मात्र ०५:३० असंच ठळक दिसत होतं, कुठल्या देशातले साडेपाच ते सांगायची पद्धत नाही. बरं, ते साडेपाच तास येतात ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून. आमचं घर ७३ अंशांच्या जरा पुढे, म्हणजे आमचा सूर्य तसाही घड्याळाच्या सदतीसेक मिनिटं मागे चालतो. ते आम्ही १९०६ पासून निमूट सोसतोय. वर आणखी हे.

आता पडवीतला दिवा. इथे माझं डोकं खरं फिरलं. संध्याकाळची वेळ मी डब्याच्या सेटिंगच्या फाईलीत हाताने लिहिली, १८:३०. सकाळच्या ०५:३० च्या बरोबर खाली, तश्शीच. सकाळचं चालतंय, संध्याकाळचं नाही. वायर तपासली, बल्ब बदलला, वायरमनला बोलावून त्याचा चहा-पोहे झाले. दोन दिवसांनी कळलं की ही फाईल ज्या यॅमल नावाच्या पद्धतीने लिहितात, तिच्या जुन्या नियमात १८:३० ही वेळच नाही. तो साठाच्या हिशोबातला आकडा! अठरा गुणिले साठ अधिक तीस, झाले अकराशे दहा. आणि ०५:३० सुटतं का, तर पुढे शून्य आहे म्हणून. अवतरणचिन्हांत घातलं की दोन्ही सुतासारखी सरळ. हा नियम २००९ सालच्या नव्या आवृत्तीत काढून टाकलाय, पण डब्यातलं गाढव अजून जुनंच वाचतंय. साठाचा हिशोब आम्हालाही नवा नाही हो, दिवसाच्या साठ घटका, घटकेची साठ पळं. पण म्हणून आजोबांनी कुणाला "अकराशे दहाला दिवा लाव" असं सांगितलं नाही कधी.

आणि मुळात साडेसहा तरी कुठे बरोबर? जुलैत आमच्याकडे सूर्य सव्वासातच्या सुमारास बुडतो, नोव्हेंबरात सहालाच. त्यात माडांखाली आधीच अंधारून येतं. 'सूर्यास्त' हा पर्याय आहे, निवडलाही. पण घर कुठे आहे ते सांगायचं राहिलं होतं, म्हणून त्याने सूर्य भलत्याच खंडात बुडवला.

सगळ्यात मोठा तमाशा लाईटचा. कोकणात लाईट जाते हे कुणाला सांगायला नको, वळवाचे चार थेंब पडले तरी पुरे. त्या हजारो रुपयांच्या डब्यात घड्याळाला सेलच नाही! वेळ तो नेटवरून विचारून घेतो. मेमध्ये एकदा पहाटे चारला लाईट गेली, सातला आली, नेट काही आलं नाही. डबा उठला आणि त्याच्या लेखी चारच वाजलेले. साडेआठला त्याने आपले साडेपाच वाजवून मोटर लावली. पावणेनऊला नेट आलं, घड्याळ टुणकन उडी मारून पुढे गेलं, आणि मधले साडेसहा त्याच्या आयुष्यात आलेच नाहीत. मग बंद कोण करणार? विहीर तळाला लागली, मोटर कोरडी खरवडायला लागली, आवाज ऐकून आई गेली तेव्हा थांबली.

वाडीला पाणी नोव्हेंबर ते मे. हे त्याला सांगायला गेलो तर म्हणतो, शेवटची तारीख सुरुवातीच्या आधीची आहे. अरे मेल्या, मध्ये वर्ष बदलतं! गणपतीच्या माळांचं तर विचारूच नका. 'दरवर्षी याच तारखेला' असा पर्याय आहे. २०२५ ची चतुर्थी २७ ऑगस्टला, २०२६ ची १४ सप्टेंबरला, मध्ये अधिक ज्येष्ठ. तिथी टाकायला खिडकी नाही. नाही म्हणजे नाही.

माजघरात एक भिंतीवरचं घड्याळ आहे. एका सेलवर दीड-दोन वर्षं चालतं. दहा मिनिटं पुढे ठेवलेलं, बाबांनीच ठेवलेलं, आणि घरात येणाऱ्या प्रत्येकाला ते ठाऊक आहे. काल संध्याकाळी मी इथून मोबाईलवर दिव्याशी झटत होतो, तेवढ्यात आईचा फोन.

"आपल्या घड्याळात सव्वासहा झाले, म्हणजे सहा वाजून पाच. दिवा लावलाय मी. मोटरही सकाळी मीच लावली होती. ठेव आता."